दुसरा रिमोट

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पब्जी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी घातली. दुसऱ्या दिवशी माझा तृतीय वर्षाच्या वर्गाचा ऑनलाइन तास होता. टाळेबंदीचे दिवस. समोर मुलांचे चेहरे नाहीत, नुसती नावांची आद्याक्षरे. विषय कादंबरीचा होता. पण सुरुवातीलाच मी दोन शब्द बोलून घेतले. बरे झाले, तुमचा वेळ वाचला, आता तरी हातात पुस्तक येईल. अशी वाक्ये प्राध्यापकाला सुचावी लागत नाहीत, ती तोंडात तयारच असतात. त्यावर एका मुलाने खाली लिहिले, "मॅडम, तुम्ही खेळून बघितला होता का?"

मी उत्तर दिले नाही. तास पुढे नेला. पण तो प्रश्न काही गेला नाही. न वाचलेल्या पुस्तकावर मत देणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही गुण देत नाही. आणि इथे मी न खेळलेल्या खेळाला एका वाक्यात नापास करून मोकळी झाले होते. शिवाय त्यात एक लबाडीही होती. पब्जी मी खेळले नव्हते हे खरे, पण व्हिडिओ गेम हा प्रकारच मला परका असल्याचा जो आव मी आणला तो खोटा होता. बोईसरमधल्या माझ्या लहानपणाची कितीतरी वर्षे टीव्हीसमोर चटईवर बसून गेली आहेत.

हा लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याला उशिरा दिलेले उत्तर आहे. इतक्या वर्षांत जे खेळ खेळले त्यांविषयीची माझी मते त्यात आहेत, आणि ती ज्या कसोटीवर उभी आहेत ती कसोटीही. खेळाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोनच अंगांनी होते: त्यात मारामारी किती आणि वेळ किती जातो. हे प्रश्न गैरलागू नाहीत. पण मी त्यांच्या आधी एक प्रश्न विचारते: या खेळात दुसऱ्या माणसाला कोणती जागा आहे?

*

आमच्या घरी टीव्ही गेम आला तो १९९२च्या दिवाळीत. बाबा तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कापडाच्या कारखान्यात होते. बोनस झाला आणि दादाने वर्षभर धरलेला हट्ट पुरा झाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले ते पांढरे-तांबडे यंत्र म्हणजे निन्टेन्डोने १९८३ साली जपानात काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल, हे मला फार पुढे कळले. आम्ही त्याला टीव्ही गेम म्हणत असू आणि खेळ ज्या डबीत असे तिला कॅसेट. कॅसेट लागली नाही की ती काढून तिच्या पोटात फुंकर मारायची. हा उपचार आमच्या चाळीतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होता. कोणी शिकवला हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

यंत्राला दोन रिमोट होते. पहिल्यावर स्टार्ट आणि सिलेक्ट अशी दोन बटणे होती, दुसऱ्यावर ती नव्हती. मूळ फॅमिकॉमची रचनाच तशी होती. म्हणजे दुसरा रिमोट धरणाऱ्याला खेळ सुरू करता येत नाही, आणि तो मध्येच थांबवताही येत नाही. पहिला रिमोट दादाचा आणि दुसरा माझा, हे आमच्या घरात कोणी बसून ठरवले नव्हते. खेळ रंगात आला की स्वयंपाकघरातून आईची हाक येई, "कुकर उतरव गं." मी उठे. दादा बहुधा खेळ थांबवायला विसरे. परत येईपर्यंत माझा माणूस उभ्या जागी मेलेला असे. स्त्रीवादी समीक्षा मी पुढे एम.ए.ला वाचली. तिच्यातल्या काही गोष्टी समजायला मला वेळ लागला नाही, त्याचे श्रेय या रिमोटलाही आहे.

'सुपर मारियो ब्रदर्स' (१९८५) हा खेळ आज मी अभिजात मानते. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी त्यात एक अक्षरही न लिहिता खेळाडूला सारे काही शिकवले आहे. पहिल्याच पडद्यावर एक अळंबीसारखा प्राणी चालत येतो; त्याला लागलात तर मरता, उडी मारलीत तर तो चिरडला जातो. व्याकरणाचा पहिला नियम इथे उदाहरणातून शिकवला जातो. पडदा फक्त पुढे सरकतो, मागे गेलेली वाट परत दिसत नाही. आणि केलेली वाटचाल साठवून ठेवण्याची सोय नाही. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली जिथे सुरू झाले त्या तारापूरला आमच्या घरून सायकलने जाता येत असे; तरी आमची वीज जायची ती जायचीच, आणि आठव्या जगात पोचलेला मारियो पुन्हा पहिल्या अळंबीसमोर उभा राहायचा.

पण माझ्या कसोटीवर मारियो पुरता उतरत नाही. त्यात दोघांनी खेळायचे तर आळीपाळीने. मारियो मेला की मगच लुइजीची पाळी येते. दादा सहसा मरत नसे. तास तासभर मी हातात रिमोट घेऊन तो मरण्याची वाट पाहत बसलेली असे. ज्या खेळात दुसऱ्याच्या वाट्याला फक्त आपल्या मरणाची वाट पाहणे येते, तो खेळ कितीही देखणा असला तरी दोघांचा नव्हे.

रणगाड्यांचा खेळ, म्हणजे नामको कंपनीचा 'बॅटल सिटी' (१९८५), दिसायला अगदीच गरीब होता: विटा, पाणी, झाडी आणि तळाशी एक गरुड, ज्याला आम्ही कोंबडी म्हणत असू. पण त्यात दोघे एकाच वेळी खेळतात आणि दोघांनी मिळून ती कोंबडी राखायची असते. साथीदाराला चुकून गोळी लागली तर तो मरत नाही, काही क्षण खिळून राहतो; तेवढ्यात शत्रू कोंबडीपर्यंत पोचतो. आपल्या माणसाला लागलेली गोळी शेवटी आपल्यालाच महागात पडते, हा धडा नीतिकथेशिवाय देणारा हा खेळ मी मारियोच्या वर ठेवते.

आणि सर्वांत वर 'कॉन्ट्रा'. कोनामीने तो घरगुती यंत्रावर १९८८ साली आणला. वरवर पाहता त्यात गोळीबाराखेरीज काही नाही. तिसरी स्टेज मात्र धबधब्याची आहे. तिथे पुढे जायचे नसते, वर चढायचे असते. एकजण घाईने वर गेला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि खाली राहिलेला पडद्याबाहेर पडून मरतो. दादाच्या घाईने मी त्या धबधब्यात किती वेळा मेले याची गणती नाही. शेवटी त्याला थांबायला शिकावे लागले. एका पायरीवर उभा राहून तो म्हणे, "ये, ये लवकर." चौदा वर्षांच्या मुलाला धाकट्या बहिणीसाठी थांबायला लावणे आई-बाबांना जमले नव्हते, एका जपानी खेळाच्या नियमाने ते जमवले.

त्या खेळातला आणखी एक नियम मला फार पुढे महत्त्वाचा वाटला. दोघांपैकी एकाची सगळी लाईफ संपली तर त्याला साथीदाराच्या शिलकीतले लाईफ घेता येते. पण ते देणाऱ्याला देता येत नाही. ज्याची संपली त्यानेच बटण दाबून ते घ्यावे लागते.

तीस लाईफ मिळवण्याची एक युक्ती होती: वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, बी, ए. ती कुठे छापलेली आम्ही पाहिली नव्हती. टॅप्स कॉलनीतल्या एका तेलुगू मुलाकडून ती दादाच्या वर्गात आली, तिथून आमच्या चाळीत. शेवटी सिलेक्ट दाबायचे की नाही याबद्दल पाठभेद होते. दोघे खेळणार असाल तर दाबायचे, हा त्यांचा उलगडा कालांतराने झाला. मौखिक परंपरा वर्गात शिकवताना मला अजूनही हे उदाहरण आधी आठवते, पण मी ते आजवर दिलेले नाही.

*

हे सगळे घरातले. घराबाहेरच्या खेळांत मला जागा नव्हती. स्टेशनजवळ एक रुपयाचे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांचे एक अंधारे दुकान होते. तिथे 'मुस्तफा' चाले. त्याचे मूळ नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' (१९९३). पण पिवळ्या टोपीतल्या एका पात्राच्या नावावरून देशभरातल्या पोरांनी त्याचे बारसे पुन्हा केले. दादाला जेवायला बोलवायला मी तिथे जाई आणि दारात उभी राहून हाक मारी. आत पाऊल टाकले नाही. त्या खेळाविषयी मला मत नाही. मत होण्याइतका तो मला पाहू दिला गेला नाही, एवढीच नोंद करते.

खेळ हा गंभीर विचाराचा विषय नव्हे असे मराठीच्या प्राध्यापकाने म्हणणे तसे विचित्रच. एकनाथांनी फुगडी, पिंगा, हुतूतू यांवर भारुडे रचली. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू आणि चेंडूफळी यांवरचे अभंग आहेत. त्या खेळांतून त्यांनी परमार्थ सांगितला हे आपण शिकवतो. पण त्यांनी निवडलेल्या खेळांत बहुतेक वेळा समोर दुसरा माणूस लागतो, इकडे आपले लक्ष जात नाही. फुगडी एकटीने घालता येत नाही. तिच्यात एकीने हात सोडला तर दोघी पडतात.

माझ्या तारुण्यातले खेळ मात्र एकटीचे होते. डहाणूच्या महालक्ष्मीच्या यात्रेतून घेतलेला ब्रिक गेम बारावीच्या वर्षी उशाखाली असे. तो म्हणजे टेट्रिसच. मॉस्कोतल्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यात तो रचला. वरून ठोकळे पडत राहतात, ओळ पूर्ण झाली की ती नाहीशी होते, चुका तेवढ्या साचत जातात. या खेळात जिंकणे नाही, फक्त हरणे लांबवणे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका १३ वर्षांच्या मुलाने त्याची जुनी निन्टेन्डो आवृत्ती इतकी लांबवली की शेवटी यंत्रच गोठले. तेव्हा मला उगाचच आपल्यातले कोणीतरी जिंकल्यासारखे वाटले.

मग एम.ए.साठी कालिना. बोईसरहून पहाटेची गाडी, उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे, वैतरणा, विरार, आणि पुढे लोकलची गर्दी. त्या दोन वर्षांत नोकियाच्या फोनवरचा साप मी हजारो वेळा मारला असेन. खाल्ले की लांबी वाढते, आणि वाढलेली लांबी हीच अडचण होऊन बसते. महत्त्वाकांक्षेवर याहून नेमके भाष्य मी फार वाचलेले नाही. तरी टेट्रिस आणि साप यांना मी दुसऱ्या श्रेणीत ठेवते. ते एकांताचे सोबती आहेत, एकांतातून बाहेर काढणारे नव्हेत. डब्यात शेजारी बसलेल्या डहाणूच्या मावशी रोज चिकूची पाटी घेऊन येत. दोन वर्षांत त्यांचे नाव मी विचारले नाही. माझी मान खाली होती.

*

आता पब्जी. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे ऋण मी वर्षभराने फेडायला घेतले. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने भारतात परतला. दादाचा मुलगा तेव्हा बारावीत होता. त्याला म्हटले, "मला शिकव." तो आधी हसला, मग घाबरला. आत्या पुढे काय करील याचा त्याला भरवसा नसावा.

मी वाईट खेळले. पण त्याच्या शेजारी बसून पुष्कळ ऐकले. शंभर माणसे बेटावर उतरतात, वर्तुळ लहान होत जाते, शेवटी जो चमू उरतो तो जिंकतो. चौघांच्या चमूतला एखादा जखमी होऊन पडला तर दुसऱ्याने त्याच्याजवळ जाऊन काही सेकंद बसायचे. मग तो उठतो. त्या वेळी दोघेही मारले जाण्याचा धोका असतो. भाच्याच्या कानातल्या यंत्रातून वाणगावचा एकजण, सफाळ्याचा एकजण आणि दांडीचा एकजण बोलत होते. "उठव ना मला." "थांब, धूर टाकतो, मग येतो." "तू नको येऊ, तू पण मरशील." दांडीचा मुलगा बोलत होता ती मांगेली होती. वर्गात ही मुले माझ्याशी पुस्तकी मराठी बोलण्याचा प्रयत्न करतात आणि तो जमत नाही म्हणून गप्प बसतात. इथे ती तासन्‌तास बोलत होती. वीस वर्षे ज्या बोली ऐकायला मिळाव्यात म्हणून मी विद्यार्थ्यांना प्रकल्प देत आले, त्या एका गोळीबाराच्या खेळात आपसूक भेटल्या.

म्हणून हा खेळ मी उत्तम ठरवते असे नाही. उरलेल्या शहाण्णव जणांना संपवणे हेच त्याचे उद्दिष्ट आहे. त्यातले कपडे आणि बंदुकांचे रंग विकत घ्यायला लावणारे दुकान सतत उघडे असते. त्याला शेवट नाही. एक डाव संपताच दुसरा तयार असतो. कॉन्ट्रा संपत असे, आणि संपला की आम्ही बाहेर पळत असू. अभ्यास बुडालेली मुले मी पाहिली आहेत. पण "आता तरी पुस्तक हाती येईल" हे माझे वाक्य चुकीचे होते. बंदी आली तेव्हा त्या मुलांच्या हातून नुसता खेळ गेला नव्हता. घरात कोंडलेल्या दिवसांत एकमेकांना 'उठव' म्हणण्याची जागाही गेली होती.

*

आणि शेवटी ते, ज्याला मी खेळ म्हणायला तयार नाही.

२०२३च्या पावसाळ्यात एकदा भाचा माझ्याकडे पालघरला आला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आत्या, पप्पा रमी खेळतात. फोनवर." दादा तेव्हा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. रात्रपाळीत जागे राहण्यासाठी म्हणून सुरुवात झाली होती. दीड वर्षात पावणेचार लाख गेले होते. त्यात सोसायटीचे कर्ज होते आणि वहिनीच्या बांगड्याही. घर आणि माझी नोकरी यांच्यामध्ये एकच स्टेशन, फार तर वीस मिनिटांचे अंतर. दर रविवारी आम्ही भेटत होतो. तो मला काहीही बोलला नव्हता.

रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६०च्या दशकातल्या एका निकालात म्हटले होते, आणि पुढे ॲपवाल्यांनी त्याचा पुरेपूर आधार घेतला. कौशल्य आहेच. आमच्या आजीच्या अंगी ते होते; गणपतीच्या जागरणाला ती चिंचोके लावून सगळ्यांना हरवत असे. पण तिच्यासमोर माणसे बसलेली असत. कोणी फार हरू लागले की ती पाने गोळा करून म्हणे, "पुरे आता, चहा ठेवा." फोनवरच्या टेबलाशी 'पुरे' म्हणणारे कोणी नसते. समोरच्याचे नाव खरे असेलच असे नाही, चेहरा तर नाहीच. आणि प्रत्येक डावातून आपला वाटा कापून घेणारा मालक कधीच हरत नाही. जाहिरातीच्या शेवटी घाईघाईने उरकलेले "जबाबदारीने खेळा" हे तिथले एकमेव मानवी वाक्य, आणि तेही ऐकू येऊ नये अशा वेगाने म्हटलेले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांना त्यात मनाई आहे, तर ई-स्पोर्ट्स आणि इतर खेळांना प्रोत्साहन देण्याची भाषा आहे. सगळे खेळ एका मापाने मोजू नयेत, हे निदान कायद्याला उमगले. हा भेद करणे खरे म्हणजे समीक्षेचे काम होते. पण आम्ही मराठीची माणसे या विषयाकडे 'पोरांचे वेड' म्हणून पाहत राहिलो. पब्जीला शिव्या देणाऱ्या त्या तासाला माझा भाऊ रमीपासून अवघे वर्षभर दूर होता. मी ओरडत होते चुकीच्या दाराशी.

*

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. भाच्याच्या संगणकावर मी तो पुरा केला. सर्कशीत कसरती करणारी राजी राक्षसांनी पळवलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधत निघते. कथा सांगायला सावल्यांच्या बाहुल्या, चढायला राजस्थानी वळणाच्या कमानी आणि सज्जे. लढाया पुढे पुढे कंटाळवाण्या होतात, आणि पुण्यात घडलेला हा खेळ माझ्याशी इंग्रजीत बोलत होता याची खंत वाटली. पण चटईवर दुसरा रिमोट धरून बसलेल्या मुलीला पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर असा खेळ मिळाला, ज्यात बहीणच सुरुवात करते. तो एकटीचा खेळ आहे, तरी त्यातला दुसरा माणूस पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत मनात राहतो. माझ्या कसोटीला तेवढे पुरते.

२०२५च्या भाऊबीजेला भाच्याने लॅपटॉपवर कॉन्ट्रा लावून दिला. दादा आधी नको म्हणाला. मग बसला. बोटांना सगळे आठवत होते, डोळ्यांना चष्मा लागत होता. धबधब्यावर तो एका पायरीवर थांबला, माझ्याकडे न बघता. तरी मी पडलेच. माझी लाईफ संपली. त्याची दोन उरली होती.

"आत्या, बटण दाब, त्यांचं मिळेल," भाचा म्हणाला.

"घे ना," दादा म्हणाला. "त्यात काय विचारायचं?"

मी घेतले. पुढच्या स्टेजला आम्ही दोघेही मेलो आणि जेवायला उठलो. पाने वाढेपर्यंत मी दादाला एवढेच विचारले की सोसायटीचा हप्ता कोणत्या तारखेला जातो. त्याने थोडा वेळ घेतला आणि तारीख सांगितली. आता अर्धा हप्ता माझ्या खात्यातून जातो.